गुलाबी बरणी

सात वर्षांपूर्वी विलिमाइनाने पाठवलेल्या पत्राला सेमेसा मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. ते पत्र अजून त्यांच्या शब्दकोशाच्या पानांत होतं.

"मास्तर, मी सुया उकळत होते हे तुम्ही बघितलंय. एवढं लिहून द्या."

फिजी बेटांवरच्या लेवुकातल्या छोट्या दवाखान्यात इंजेक्शन घेतलेल्या आठ जणांना टोचलेल्या जागी गळवं झाली. मास्तरांची बायकोही त्यांतलीच. दोष नर्स विलिमाइनावर आला, नोकरी गेली. मास्तर दर मंगळवारी बायकोबरोबर तिथल्या बाकावर बसत, पण हातात पुस्तक असे. वाचताना पाहिलेलं शपथेवर कसं सांगायचं?

आता शुक्रवारी राजधानी सुव्यात तिच्या प्रकरणाची शेवटची सुनावणी होती. विलिमाइनाने खासगी तपास करणाऱ्या लितियाबाईंना मास्तरांच्या घरी पाठवलं होतं.

"चहा छान आहे," लितिया म्हणाली.

"चर्चच्या टाकीतलं पावसाचं पाणी. नळाचं गढूळ असतं, मी कुठेच वापरत नाही." कप अर्धाही रिकामा झाला नव्हता, तोच मास्तरांनी तो पुन्हा भरला. पाहुण्यापुढे भांडं उणं दिसू नये, ही इथली रीत.

दोघं दवाखान्यात गेली. समुद्राकडची खिडकी, चाफा, बाक, सगळं तसंच होतं. मास्तर बायकोच्या जागेशेजारी बसले.

"सुया उकळलेल्या असायच्या, औषधं सीलबंद," म्हातारे डॉक्टर म्हणाले. "मग उरतो टोचणारा हात."

"आणि पुसायचे कापसाचे बोळे?" लितियाने विचारलं.

"बाकाजवळच्या बरणीत. गुलाबी जंतुनाशकात भिजवलेले. रंग जरा फिका पडला होता, उन्हाने असेल."

झाडूवाली तोरिका हसली. "ती बरणी कधी रिकामी दिसलीच नाही, बाई. मला वाटायचं नर्स भरते. नर्सला वाटायचं मी."

बंदरावर मासे विकणारी अकानिसी म्हणाली, "त्याच दिवशी, त्याच बाटलीतलं इंजेक्शन मीही घेतलं. मला काही झालं नाही. त्या गुलाबी पाण्याने मला पुरळ येतं, म्हणून विली मला स्पिरिटने पुसायची. मास्तर, तुम्ही हसायचात ना, म्हणायचात अकानिसीचे नखरे."

मास्तर पुसटसे हसले. खरंच म्हणत असत.

घरी परतल्यावर लितिया म्हणाली, "सुई तीच, औषध तेच, हातही तोच. फरक फक्त बोळ्याचा. बरणीत कुणीतरी पाणी घालत होतं. जंतुनाशक पातळ झालं, पाण्यातले जंतू त्यात वाढले, बोळ्यातून कातडीवर आले आणि सुईबरोबर आत गेले."

"कोण घालत होतं?" विचारता विचारता मास्तरांचा हात किटलीकडे गेला.

लितियाने भरल्या कपावर तळहात ठेवला.

किटली हवेतच राहिली. मास्तरांना बाक आठवला, शेजारी गुडघा चोळणारी बायको, हाताच्या अंतरावर निम्मी झालेली बरणी, पिशवीतली पाण्याची बाटली. पान उलटण्याआधी केलेलं एक साधं काम.

"ती म्हणायची," किटली खाली ठेवत ते म्हणाले, "विलीचा हात हलका आहे. शेवटपर्यंत म्हणायची."

"सुव्याला टपाल नेणारी बुधवारची बोट अकराला सुटते, मास्तर," लितिया म्हणाली.

त्यांनी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, 'विलिमाइना, तू सुया उकळत होतीस. मी बघितलंय. बरणीत पाणी मी घालत होतो. हे पत्र सुनावणीत वाचून दाखव.'

धक्क्यावरच्या लाल पेटीत त्यांनी पाकीट टाकलं आणि बोट सुटेपर्यंत तिथेच उभे राहिले.