शेळीने खाल्लेला शब्द

हर्सूलच्या तलावाकाठी शब्दकोश उघडा टाकून वच्छला पाण्याकडे बघत बसली, आणि तेवढ्यात एका शेळीने त्यातलं पानच फाडून खाल्लं!

"अहो, आवरा हिला! कॉलेजचं पुस्तक आहे!"

धावत आला तो मुंजाबा. निजामाची राजवट नुकतीच गेली होती. उर्दूत शिकलेली पोरं इंग्रजीशी झटत होती. त्यांतलाच हा, तिच्याच वर्गात मागच्या बाकावर बसणारा आणि सुट्टीत घरची शेरडं राखणारा.

"कुठला शब्द खाल्ला हो हिनं?"

"कायमेरिकल. त्याचाच अर्थ बघत होते."

"मग हिलाच इचारा की!"

आता यावर राग तरी कसा धरायचा?

पुढच्या रविवारी तो ते सबंध पान दुसऱ्या कोशातून उतरवून घेऊन आला.

"आयका. ग्रीकांच्या गोष्टीत एक अजब जनावर व्हतं. पुढं सिंह, मागं साप, मधी शेळी. त्याच्या नावाचा मूळ अर्थच शेळी! असं जनावर नसतंच, म्हणून कायमेरिकल म्हंजे... अशक्य."

"म्हणजे हिनं स्वतःचंच नाव खाल्लं?"

"व्हय!"

दोघं पोटभर हसली. मग गवताची काडी मोडत तो हळूच म्हणाला, "आपलं बी तसंच हाय... पुढं तुमचे वडील, आप्पासाहेब. मागं गावाची जीभ. मधी मी शेरडंवाला. तुमी निस्तं व्हय म्हणा... उद्याच त्यांच्यापुढं उभा ऱ्हातो."

'व्हय' अगदी ओठांवर आलं होतं. पण डोळ्यांपुढे आप्पासाहेबांच्या मिशा आल्या, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. ती उगीच हसून म्हणाली, "असं जनावर असतं का कुठं?"

"नसतं," तो म्हणाला, आणि हाळी देऊन शेरडं वळवली.

वर्गात ती रोज ठरवायची, आज मागं वळून बोलायचं. वळली नाही. लग्न ठरताना आप्पासाहेबांनी स्वतः जवळ बसवून विचारलं, "पोरी, मनात कुणी असंल तर सांग. मी खात नाय तुला." तोवर मुंजाबा शहर सोडून गेला होता. बैल गेला अन् झोपा केला! ती "नाय" म्हणाली, आणि रात्रभर रडली.

आता वच्छलाबाई सोयगावात इंग्रजी शिकवतात. तो शब्द आला की फळ्याकडे तोंड करून अर्थ सांगतात. परवा एका मुलीने विचारलं, "बाई, त्या जनावरातलं काहीच खरं नव्हतं?"

खडू ठेवून त्या मागं वळल्या.

"सिंह नव्हता गं," बाई म्हणाल्या. "शेळी मात्र खरी होती."