पडद्यात न मावणारा लाल

कुरिअरच्या काउंटरवर माझं पार्सल फुटलं आणि लाल सुताच्या चार लडी थेट मागच्या माणसाच्या बुटांवर जाऊन पडल्या.

आता हा तोंडाचा पट्टा सुरू करणार, असं मी धरूनच चालले. पण तो खाली बसला, एक लड उचलली, दारातल्या उजेडात धरली... आणि उलटसुलट फिरवून बघत राहिला. रांग पुढे सरकली तरी त्याला पत्ता नाही.

"हा लाल—" तो शेवटी म्हणाला, "असा लाल असतो?"

"असतो. माझे बाबा रंगवतात, मंजिष्ठेच्या मुळांपासून." मी लड ओढून घेतली. "पण गिऱ्हाईक म्हणतं, साइटवर वेगळा दिसत होता. हे तिसरं पार्सल परत आलंय."

"साइट कोणी केली?"

"मी! सॉफ्टवेअरमध्ये फोटो ओढायचे आणि सोडायचे. त्यात काय डोंबल अवघड आहे?"

"काहीच अवघड नाही. गडबड तिथेच होते." तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडते, ते मी मुळीच पाहिलं नाही असं समजा. "मी साइट्सच करतो. एकदा बघू का?"

नाही कशी म्हणणार? परतीचा निरोप आल्यावर सकाळीच बाबांनी बजावलं होतं, "दाखवायचं एक आणि द्यायचं दुसरं, हे आपल्याकडे तीन पिढ्यांत झालेलं नाही. आणखी एक पार्सल परत आलं की ती साइट बंद." दोन वर्षं जीव ओतून मी ती उभी केली होती. बाबांच्या सूत रंगवण्याच्या कारखान्यात माझं स्वतःचं असं तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन कारखान्यात आला. माझे फोटो पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"केवढे भडक केलेत हे!"

"साइटवर चढवल्यावर फिके दिसायचे. मग लाल वाढवला. तरी फिका... मग आणखी वाढवला. रंग धरला नाही की सूत पुन्हा बुडवायचं, हेच लहानपणापासून शिकलेय मी."

मला वाटलं, आता हा खो खो हसणार. पण त्यानं माझा मूळ फोटो मागितला.

"हा एक फोटो बावीस एमबीचा," तो म्हणाला. "एवढं वजन साइटला झेपत नाही. म्हणून सॉफ्टवेअर त्याच्या हलक्या प्रती काढतं, फोनसाठी लहान, मोठ्या पडद्यासाठी मोठी. तिथपर्यंत ठीक. पण प्रत्येक फोटोबरोबर एक चिठ्ठी असते, कलर प्रोफाइल. फोटोत रंग आकड्यांत साठवलेले असतात; ते आकडे कोणत्या रंगपेटीतले, हे त्यात लिहिलेलं. तुमच्या कॅमेऱ्याची पेटी मोठी आहे. वजन उतरवताना सॉफ्टवेअर चिठ्ठीच टाकून देतं. मग पडदा तेच आकडे साध्या, लहान पेटीतले समजतो, आणि रंग उतरतो."

त्यानं तोच फोटो दोनदा उघडला, चिठ्ठीशिवाय आणि चिठ्ठीसकट. दुसऱ्यात माझा लाल असा उजळून आला की अंगावर काटा उभा राहिला. सूत तेच, आकडे तेच... एवढ्याशा चिठ्ठीची केवढी ही किमया! मी कितीतरी वेळ बघतच राहिले.

"आपणच फोटो आधी साध्या पेटीत आणायचे, हलके करायचे, मग चढवायचे," तो म्हणाला. "दोनशे दहा आहेत. एकेक करून करू. मला... रोज यावं लागेल."

"या की," मी म्हटलं. जरा घाईनंच.

आधी लाल घेतले. चौथ्या दिवशी बाबा लड घेऊन पडद्याजवळ आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"अजून कमी आहे."

माझा हात पुन्हा लाल वाढवायला पुढे गेला.

"कमीच राहणार, काका," तो शांतपणे म्हणाला. "हा लाल साध्या पेटीत पूर्ण मावतच नाही. माझ्याकडे त्याला इलाज नाही. उगाच भडक करून खोटं दाखवणार नाही मी."

बाबांनी लड पुन्हा पडद्याशेजारी धरली. मग म्हणाले, "म्हणजे पुडकं उघडलं की माल फोटोपेक्षा सरस निघणार?"

"दर वेळी."

बाबा मिशीत हसले. "मग चालू दे. या, तुम्हाला एक गंमत दाखवतो."

त्यांनी निळीच्या पिंपातून लड वर काढली. हिरवीगार. त्याच्या डोळ्यांसमोर ती हवेत निळी होत गेली, टोकापासून टोकापर्यंत. तो श्वास घ्यायचा विसरला.

"हे... हे कोण करतं?"

"हवा," मी म्हटलं. त्याचा तो चेहरा बघून माझ्या मनात जे झालं, ते मी बाबांपासून लपवायला पिंपावर झाकण ठेवलं.

महिनाभरात पार्सलं गेली आणि एकही परत आलं नाही. एका गिऱ्हाइकानं तर कळवलं, "फोटोत एवढा सुंदर वाटला नव्हता." बाबांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "तुझी साइट चालू राहू दे." मला रडूच आलं.

त्याच दुपारी दोनशे दहावा फोटो चढला. आता आम्ही 'तू'वर आलो होतो. लॅपटॉप मिटायला त्याला फारच वेळ लागला.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "हे सगळे फोटो... एकदम करता येतात. एका बटणावर. अर्ध्या तासाचं काम."

"मग महिना का लावलास?"

"तू शेजारी बसतेस ना... म्हणून. तू मला आवडतेस. फार."

मी खिडकीबाहेर बघितलं. वाळत घातलेलं सूत वाऱ्यावर हलत होतं. उगाच ताणून धरण्यात अर्थ नव्हता.

"मलाही तू आवडतोस. आणि ते बटण मी तिसऱ्याच दिवशी पाहिलं होतं, तू हात धुवायला गेला होतास तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले ना! बाबांना सांगितलं, काम फार किचकट आहे, महिना तरी लागेल."

जन्मात पहिल्यांदा मी बाबांशी खोटं बोलले होते, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.