दारातलं पाणी

आमच्याकडे दारात उभ्या माणसाला पाणी देत नाहीत. आत या, सोफ्यावर बसा, मग हवं तेवढं प्या. पण उंबऱ्याबाहेर पेला जात नाही.

रेणू आली ती शनिवारची सकाळ होती. पाऊस असा लागला होता की दहा वाजताही हॉलमधला दिवा लावावा लागला. कोपऱ्यावरच्या घरात ती, तिचा नवरा कुमार आणि त्यांची छोटी रुचा नुकतेच राहायला आले होते. खांद्याला कापडी पिशवी, ओल्या छत्रीची झटापट, त्यात तिला ठसका लागला. "उल्काताई ना? जरा पाणी मिळेल का?" तिने दारातूनच विचारलं.

"आधी आत ये," मी अशी खेकसले की ती बिचारी चपला न काढताच आत आली. तिला पाणी दिलं. मग खेकसल्याचं कारणही द्यावं लागलं. तिला सांगितलं तेच सांगते.

माझा राग नाकावर असतो, हे अमेरिकेतल्या आमच्या ॲशबर्नमधल्या मराठी मंडळींना चांगलं ठाऊक आहे. माझा नवरा देवदत्त अगदी उलटा. दारापुढची रांगोळी कॉलनीच्या कमिटीला खटकली, त्याने पुसून टाकली. ऑफिसात त्याच्या कामाचं श्रेय दुसऱ्याने लाटलं, हा मूग गिळून बसला. ग्रीन कार्ड लटकलेलं होतं ना. "जाऊ दे ना यार, इश्यू नको करूस," हे त्याचं पालुपद. मी मात्र कधी कुणापुढे मान तुकवली नाही. निदान तसं मी समजत होते.

दोन वर्षांपूर्वी आमची सिया सहावीत होती. वर्गात ग्रीस आणि पर्शियाचा इतिहास चालू होता आणि त्यावर नाटुकलं बसवायचं होतं. सिया माझी जुनी तांबडी ओढणी अंगावर घेऊन किचनमध्ये उभी राहायची, हात पुढे करायची आणि म्हणायची, "आय कम फ्रॉम द ग्रेट किंग. गिव्ह अस अर्थ अँड वॉटर."

"माती आणि पाणी? एवढ्याशा गोष्टीसाठी एवढ्या लांब आला?" मी विचारलं.

तिने समजावून सांगितलं. पर्शियाचा सम्राट गावोगावी दूत पाठवायचा. दूत मूठभर माती मागायचा आणि थोडं पाणी. ते दिलं की संपलं. तुमची जमीन राजाची, तुमच्या नद्या राजाच्या, तुम्ही राजाचे. ग्रीकांनी त्या दूतांना विहिरीत ढकललं आणि वरून सांगितलं, घ्या तिथूनच हवी तेवढी माती आणि पाणी.

"देन एव्हरीबडी लाफ्स," सिया म्हणाली.

"दूताला मारतात का कुठे?" मला तेव्हाही राग आला. "निरोप्याचा काय दोष?"

"दे न्यू इट वॉज राँग, मॉम." मग तिने पुढचं सांगितलं. त्या खुनानंतर स्पार्टा या ग्रीक शहरातल्या लोकांना देवाचा कौल मिळेना. दिलेला प्रत्येक बळी अशुभच निघे. शेवटी त्यांच्यातले दोघं आपणहून सम्राटाकडे गेले, आमचे जीव घे आणि हिशेब मिटव म्हणाले. सम्राटाने त्यांना मारलं नाही. "ही सेड, आय वोन्ट लेट यू ऑफ."

म्हणजे शिक्षा नाही आणि सुटकाही नाही. त्या दूतांचा राग होता तसाच राहिला. हे नाटुकल्यात नव्हतं, पोरीने लायब्ररीत जाऊन वाचलं होतं.

"दूत कोण कोण आहेत?" मी विचारलं.

सिया, कुलकर्ण्यांचा आर्य आणि एक अफगाणी मुलगी. ग्रीक सगळे सोनेरी केसांचे. "मिसेस हॉलोवे सेड वी वुड लुक नॅचरल." सियाने आपल्या बाईंचं हे म्हणणं खाली बघत सांगितलं. मी लगेच फोन उचलला होता. देवदत्तने तो माझ्या हातातून काढून घेतला.

नाटुकलं झालं. स्टेजच्या कडेला पुठ्ठ्याची विहीर, तिच्यामागे खाली गादी. आर्यने नीट उडी मारली. सियाला दोन पोरांनी मिळून असं ढकललं की ती गादीच्याही पलीकडे जाऊन पडली. हाड मोडल्याचा आवाज मला तिसऱ्या रांगेत ऐकू आला. आणि लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, नाटकातच आहे. अजूनही कुठे टाळ्या वाजल्या की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मनगटाला हिरवं प्लॅस्टर घातलं. त्यावर वर्गातल्या सगळ्यांनी सह्या केल्या, ढकलणाऱ्यांनीही. मिसेस हॉलोवे म्हणाल्या, सिया किती गोड, अजिबात रडली नाही. देवदत्त म्हणाला, "मुद्दाम नाही केलं कुणी. जाऊ दे." आणि दुसऱ्या दिवशी टूरवर निघून गेला.

मी जाऊ देणार नव्हते. रोज शाळेला फोन लावत होते. त्या दुपारीही फोन कानाला होता. बाहेर असाच पाऊस. प्रिन्सिपॉलबाईंनी मला होल्डवर ठेवलं होतं आणि कानात तेच ते पियानोचं गाणं वाजत होतं. सिया वर झोपली होती. मी मनातल्या मनात बोलायची वाक्यं धारदार करत होते. तेवढ्यात दार वाजलं.

बेल होती, पण बेल वाजली नाही. उघड्या तळव्याने कुणीतरी दारावर थापा मारत होतं.

उघडलं तर एक माणूस. दाढी, सावळा, अंगात पायघोळ काहीतरी, गुडघ्यापर्यंत चिखल. आमच्या मागे नवी घरं होत होती, खोदकाम चालू होतं. तिथले मजूर कधीमधी पाणी मागायला यायचे. त्यातलाच एक असेल असं मला वाटलं. मान जराशी एका बाजूला कलंडलेली होती. आणि वास... वर्षानुवर्षं झाकलेल्या विहिरीवरचं झाकण काढावं तसा. तो काहीतरी बोलला. ते इंग्लिश नव्हतं, स्पॅनिश नव्हतं. मग त्याने ओंजळ पुढे केली.

त्या दिवसांत कॉलनीत दुसऱ्या कुणीच असल्या माणसाला दार उघडलं नसतं. दाढीवाला दिसला की लोक पोलिसांना फोन लावायचे. त्याचाही मला राग होता. म्हणून मी मुद्दाम प्लॅस्टिकची बाटली न देता माझं स्टीलचं फुलपात्र भरून आणलं. माझ्या लग्नात आईने दिलेलं, त्यावर माझं नाव घातलेलं. "या ना, पाणी घ्या. लाजू नका," मी मराठीतच म्हटलं. कानात पियानो चालूच होता.

तो प्याला नाही. फुलपात्र त्याने एका हाताने छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने माझ्या मागे बोट दाखवलं.

मागे तुळस होती. थंडी सुरू झाली की डेकवरची तुळस आपण सगळ्याच आत आणतो, नाहीतर मरते. शेजारी कागदी कपांत मी रोपंही लावली होती, मागेल तिला द्यायला. इथे कुणी तुळशीकडे बोट दाखवलं की त्याचा एकच अर्थ असतो, रोप हवंय. मला वाटलं, असेल आपल्याच बाजूचा, आठवण आली असेल. मी एक कप उचलून त्याच्यापुढे धरला. "अजून हवं का?" असंसुद्धा विचारलं.

त्याने दोन बोटांनी ते रोप अलगद उपटलं. मुळं झटकली. रोप माझ्या पायपुसण्यावर ठेवलं. कपातली माती मुठीत घेतली, मूठ ओठांपाशी नेली आणि कमरेत खोल वाकला.

"थँक यू फॉर होल्डिंग," फोनमधून आवाज आला. मी क्षणभर वळले. परत बघितलं तर तो नव्हता, माझं फुलपात्रही नव्हतं. त्याच्या अंगावरून पाणी निथळताना मी पाहिलं होतं, पण पायपुसणं कोरडं होतं.

सिया खाली आली तेव्हा रोप तिथेच पडलेलं होतं. "हू वॉज इट?"

"कुणी नाही गं. एक मजूर. पाणी मागत होता. आणि तुळशीचं..." मी रोप उचललं.

"मॉम," ती हळूच म्हणाली. "यू गेव्ह हिम बोथ?"

तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. मी हसले, तिला जवळ घेतलं.

इथल्या घरांच्या बेसमेंटमध्ये एका कोपऱ्यात खड्डा असतो. घराखाली मुरलेलं पाणी त्यात जमतं आणि पंप ते बाहेर फेकतो. त्या संध्याकाळी आमचा पंप सुरू झाला तो थांबेना. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी पंप चालूच. प्लंबर येऊन गेला, त्याला काही सापडलं नाही. घरभर तो वास. आणि सिया शाळेतून आली की बेसमेंटच्या दाराला कान लावून बसायची.

"काय ऐकतेस?"

"ही सेज ही इज डन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नाऊ इट्स माय टर्न."

मला काय झालं सांगता येणार नाही. भीती वाटायला हवी होती, मला संताप आला. माझी पोर आधीच एकदा ढकलली गेली होती. मी बॅटरी घेऊन खाली गेले, खड्ड्याचं झाकण लाथेने बाजूला केलं आणि ओरडले. "माझी माती परत दे. मी काही शरण आलेले नाही. मी तहानलेल्याला पाणी दिलं. आमच्यात देतात. तुझ्या राजाला जाऊन सांग."

पंप एकदम थांबला. काळ्या पाण्यावर माझी बॅटरी हलत होती. मग खालून, अगदी आदबीने, उत्तर आलं. मराठीत. आवाज माझाच होता.

"या ना... पाणी घ्या... लाजू नका."

मी जिना कसा चढले मला आठवत नाही. वर सिया नव्हती. पुढचं दार उघडं होतं. ती समोरच्या म्हाताऱ्या बाईंच्या दारात सापडली. अंगावर तांबडी ओढणी, प्लॅस्टरचा हात पुढे केलेला. शाळेच्या मुली दारोदार कुकीज विकतात, त्यातलीच एक समजून बाई आतून म्हणत होत्या, "नो कुकीज टुडे, हनी." त्यांनी दार लावून घेतलं त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

त्याच आठवड्यात मी सियाला नागपूरला माझ्या आईकडे पाठवलं. देवदत्त आधी नाही म्हणाला, मग नेहमीसारखा गप्प बसला. तिचं विमान उडालं त्या दिवशी पंप बंद झाला. तिकडे प्लॅस्टर निघालं, शाळा सुरू झाली, आता फाडफाड मराठी बोलते. मी तिच्यावाचून राहते, पण ती सुरक्षित आहे. दिलेलं मी परत घेतलं.

एवढं सांगून मी थांबले. रेणू पिशवी घट्ट धरून बसली होती. पाणी ती अर्धंच प्याली होती.

"ताई, मी हे परत द्यायला आले होते," ती म्हणाली आणि पिशवीतून एक फुलपात्र काढून तिने टेबलावर ठेवलं. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून त्यात साखर घातली होती. बाहेरच्या बाजूला माझं नाव होतं. आईने घालून घेतलेलं, त्यातला काना जरासा वाकडा.

"कुठे मिळालं?"

"काल संध्याकाळी एक मुलगी आली होती. भिजलेली. हाताला हिरवं प्लॅस्टर, त्यावर सगळ्यांच्या सह्या. पाणी मागितलं. आमचा पेला घेऊन गेली आणि पायरीवर हे ठेवून गेली. नाव वाचलं, कुमारने तुमचं घर दाखवलं, म्हटलं तुमचीच असेल..."

"आणि काय मागितलं?"

रेणू रडवेल्या आवाजात म्हणाली, "कुंडीतली थोडी माती. प्रोजेक्टसाठी असेल असं वाटलं. दारात आलेल्या पोरीला नाही कसं म्हणायचं, ताई?"

मला तिचा इतका राग आला की तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिने माझ्याहून वेगळं काहीच केलं नव्हतं. तिची रुचा नुकतीच पाच वर्षांची झाली आहे.

मी नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. एका रिंगमध्येच उचलला गेला. मी काही बोलायच्या आतच सियाचा आवाज आला, शांत, स्वच्छ मराठीत.

"आई, तिने दिली ना माती?"

आणि तिच्या मागून, जरा लांबून, खोलीत कुणीतरी माझ्याच आवाजात कुणाला तरी म्हणत होतं, "या ना, पाणी घ्या. लाजू नका."