हलकं बटण

बटण किती दाबलं म्हणजे 'दाबलं' म्हणायचं, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. हसू नका, यातच माझं निम्मं आयुष्य गेलंय. त्यामुळे ताईसाठी ॲप केलं तेव्हा मी जरा मिजाशीतच होते.

आजारात ताईचं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. उजवं बोट तेवढं जेमतेम हलायचं. घशात कफ अडकला की तिला लगेच कुशीवर वळवून तो काढावा लागे, नाहीतर जीवच जायचा. म्हणून तिच्या हाताशी टॅबलेट ठेवला, त्यावर एकच मोठं बटण: 'ये'. ते दाबलं की माझा फोन वाजणार.

तिचं बोट लागेना, म्हणून मी बटण हलकं करत गेले. नुसतं टेकलं तरी पुरे, इतकं हलकं.

मग ते उगाचच वाजायला लागलं. धावत जावं, तर ताईचे हात पांघरुणात.

टॅबलेटवर स्पर्श होईल तिथे पांढरा ठिपका दिसण्याची सोय असते. ती चालू करून भरदुपारी मी समोर बसले, ताईचे दोन्ही हात हातात धरून. काचेच्या कडेला ठिपका उमटला. सरकत बटणावर आला. फोन वाजला.

मी तडक ऑफिसातल्या टेस्टरला फोन लावला. चुका शोधतो म्हणून आम्ही त्याला किडेमास्तर म्हणतो.

"अगं, भूतबीत काही नसतं, भिकार चार्जर असतो. त्यानं काचेला खोटे स्पर्श जाणवतात."

"चार्जर काढलाय. टॅबलेटही बदलला."

 "मग बटण जड कर. बोट सपाट टेकवून धरून ठेवलं तरच लागू दे."

"आणि ताईचं काय?"

"तू तिच्याजवळून हलू नकोस."

मी बटण जड केलं आणि तिथेच बसले. दारावर औषधवाला आला, म्हणून तेवढ्यापुरती उठले.

पिशवी हातात घेतली आणि फोन वाजला.

ताई निळी पडली होती. तिला वळवलं, कफ काढला. तिनं श्वास घेतला आणि मला रडूच फुटलं.

"ताई, दाबलंस गं तू!"

तिनं दोनदा डोळे मिटले.

फोन वाजतच होता. ती कुशीवर होती, तरी उजवा हात काचेवरच होता, बोट सपाट टेकलेलं. मी तो उचलायला गेले. उचलेना. मनगटावर चार बोटांचे वळ होते, आणि मी बघत असतानाच ते आणखी खोल गेले.