दारचं पाणी

चंद्रहास मेस्त्रीचा जेवढा मेजरटेपवर विश्वास, तेवढा माणसांवरही नव्हता. मालवणकडचा सुतार, बोलेल तिरकं, पण कापेल सरळ. आखातात, अबू हलीफातल्या दोन खाटांच्या खोलीत तो चार वर्षं घानाच्या क्वेसीबरोबर राहत होता. दोघं एकाच सुतारी वर्कशॉपात, क्वेसी पॉलिशचं काम करी. एक चतुर्थीला फोनवर आरती ऐकणारा, दुसरा शुक्रवारी फरवानियाच्या एका फ्लॅटमध्ये प्रार्थनेला जाणारा. तरी दोघांत भांड्याला भांडं कधी लागलं नाही.

क्वेसीची एक सवय होती. सकाळचं पहिलं पाणी पिण्याआधी तो दोन थेंब जमिनीवर सांडी.

"मेरा दादा चर्च में घंटा बजाता था," तो सांगायचा. "लेकिन पहला पानी पुराना लोग का. दादा डालता, नाम लेता, सब बोलता, आम्पा."

आम्पा म्हणजे खरं. चंद्रहासला हसू आलं. त्याच्या गावीही देवापुढे गाऱ्हाणं घालून मागणं मागतात तेव्हा सगळे मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सातासमुद्रापार गेलं तरी म्हातारे सगळीकडचे सारखेच, असं त्याला वाटलं.

मे महिन्यात फरवानियाला नवे पास्टर आले. मेलेल्यांना पाणी घालणं म्हणजे सैतानाला जेवू घालणं, असं त्यांनी सांगितलं. क्वेसीने बायबलवर हात ठेवून सवय सोडली.

आठ दिवसांत त्याला तहान लागली.

आधी चंद्रहासने उन्हाळ्यावर टाकलं. पण वीस लिटरचा कॅन तीन दिवसांऐवजी दीड दिवसात संपायला लागला. त्याने सुतारी पेन्सिलीने कॅनवर खूण केली. संध्याकाळी पाणी खुणेच्या वीतभर खाली. दवाखान्यात साखर तपासली, ती ठीक निघाली. एवढं पाणी जातं कुठे, ते डॉक्टरलाही कळेना. पिऊन पिऊन क्वेसी वाळत चालला होता. ओठ फुटले, डोळे खोल गेले. जुलैत तो कामावर कोसळला, तेव्हा डॉक्टरने चंद्रहासला बाजूला घेऊन सांगितलं की हा माणूस असा फार दिवस काढणार नाही.

"दो बूंद डाल ना, बाबा," चंद्रहास त्याच्यापुढे अक्षरशः हात जोडून म्हणाला.

"शब्द दिया," क्वेसी म्हणाला. "मर जाएगा. शब्द नहीं तोड़ेगा."

चंद्रहासला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माया आली. चार वर्षं ज्याच्या हातची भाजी खाल्ली, त्याला असं डोळ्यांदेखत जाऊ द्यायचं?

शुक्रवारी प्रार्थनेचे दोन सोबती येऊन क्वेसीला धरून फरवानियाला घेऊन गेले. मागे राहिलेला चंद्रहास पाण्याचा पेला घेऊन गच्चीवर गेला. भर दुपार. पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, समुद्राकडून येणारा गरम, खारट वारा. चिटपाखरू नव्हतं. आपण हे काय करतोय, असं एकदा मनात आलंच.

त्याने चपला काढल्या. तळव्यांना चटका बसला.

"बा म्हाराजा," तो म्हणाला, "ह्या क्वेसीचे जे कोण मागचे आसतीत, त्येंनी ह्यां पाणी गोड मानून घेवचा. लेकराची तान भागवची."

पाणी ओतलं. ते पसरलं नाही. सिमेंटमध्येच गेलं, वाळूत जावं तसं.

गाऱ्हाणं कधी मोकळं सोडत नाहीत. शेवटी काहीतरी कबूल करावं लागतं. आणि एकदा कबूल केलेलं मागे घेता येत नाही. हे चंद्रहासइतकं कुणाला ठाऊक? पण जीभ सवयीने पुढे गेली.

"माझ्या दारचा पाणी, ता तुमचा पाणी."

सवयीनेच तो थांबला. इथे गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो.

टाक्यांच्या मागून पुष्कळ जण एकदम म्हणाले, "आम्पा."

टाक्यांच्या मागे कुणी नव्हतं. त्याने दोनदा पाहिलं.

संध्याकाळी क्वेसी आपल्या पायांनी जिना चढून आला. अर्धा पेला पाणी प्यायला, पेला खाली ठेवला आणि तोंड पुसलं.

"जीझस ने पानी दिया, ब्रदर," तो रडत म्हणाला.

चंद्रहासने त्याच्या पाठीवर हात ठेवला. नाव कुणाचंही होवो, माणूस वाचला. त्याचेही डोळे भरून आले होते.

सहाव्या दिवशी रात्री गावाहून मालनचा, त्याच्या बायकोचा फोन आला. फोनमधून कौलांवरचा पाऊस ऐकू येत होता.

"आयकतास मां? आपल्या दारच्या बावडेची सहावी पायरी उघडी पडली."

"पावसात?"

"व्हय. बाव काठोकाठ होती. शुक्रवारपासून रोज एक पायरी."

"पंप चालू रवलो आसात."

"पंप बंद आसा. मी स्वतः बघलंय."

चंद्रहासचा हात खिशातल्या टेपवर गेला आणि तिथेच राहिला. विहिरीच्या अकरा पायऱ्या त्यानेच मापून बांधून घेतल्या होत्या.

"मालन, तू बरी आसस मां?"

"बरी आसंय. थांबा हां, वायच पाणी पितंय. शुक्रवारपासून तानच भागणा नाय."

त्याला घोट ऐकू येऊ लागले. शेजारच्या खाटेवर क्वेसी गाढ झोपला होता. उशाशी त्याचा अर्धा भरलेला पेला. चंद्रहास मनाशी घोट मोजत होता. अकरा, बारा, तेरा.

मालन थांबली नाही.