रेडिओतली टकटक

"चोरी करून राह्यल्या का जी… का भिंतीशी बोलून राह्यल्या?"

दिव्यानी दचकून वळली. दचकायलाच हवं होतं म्हणा. भर दुपारी डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ, कानाला ट्रान्झिस्टर, आणि शेजाऱ्याच्या भिंतीला पालीसारखी चिकटून उभी असलेली पोरगी पाहिल्यावर कुणी दुसरं काय समजणार? परतीचा पाऊस बारीक पडत होता. समोर एक उंच, सावळा तरुण उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात विळा. बोलणं थट्टेचं होतं खरं, पण त्याचे डोळे काही हसत नव्हते.

"चोर तुमच्याच घरात हाये," ती म्हणाली. "ऐका."

तिनं ट्रान्झिस्टर त्याच्या कानापाशी धरला. टक… टक… टक… दर सेकंदाला एक. बातम्या देणाऱ्या बाईचा एक शब्द ऐकू येई आणि दुसरा त्या टकटकीत बुडून जाई.

"हे… आमचं हाये?"

"मंग कोणाचं? काय लावलं आतमधी? तारेत डायरेक्ट करंट तं नाई सोडला?"

"नाई जी! त्यानं माणसं मरतात." तो एकदम गंभीर झाला. "झटका मशीन हाये. चार दिवस झाले लावून. धानात डुकरं येतात न."

आता तिच्या डोक्यात उजेड पडला. शेताभोवतीच्या तारेत क्षणाक्षणाला एक हलका झटका सोडणारं ते यंत्र… त्यानं डुक्कर मरत नाही, पण पुन्हा त्या बांधाकडं फिरकत नाही. दिव्यानी चंद्रपूरला आयटीआय करून वायरमन झालेली, पोंभुर्ण्यात घरोघरी फिटिंगची कामं करणारी पोरगी. आणि गेले चार दिवस तिनं काय केलं होतं? स्वतःच्याच घरातले बोर्ड उचकले, होल्डर बदलले, मीटरपासून नवी वायर ओढली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! तिला स्वतःचीच लाज वाटली.

एवढ्या धडपडीला कारण होतं. घरात पलंगावर गुणवंतराव होते, तिचे बाबा. लकव्यानं उजवी बाजू गेली त्याला वर्ष झालं होतं. हृदयही थकलंय, असं डॉक्टर परवाच हळू आवाजात तिला सांगून गेले होते. आणि येत्या रविवारी संध्याकाळी पावणेसहाला रेडिओवर एक जुनं ध्वनिमुद्रण लागणार होतं. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या गावातल्या बायांनी म्हटलेली रोवणीची, म्हणजे धान लावतानाची, गाणी. पुढं म्हणणारी होती सुगंधाबाई, दिव्यानीची आई. तिला जाऊन सात वर्षं झाली होती.

ते गाणं पहिल्यांदा लागलं तेव्हा सुगंधाबाईनं शेजारून रेडिओ मागून आणला होता, चहा ठेवला होता, आणि नवऱ्याची वाट पाहत बसली होती. गुणवंतराव घरी आलेच नाहीत. बायकोनं चार लोकांत गाणं त्यांना रुचलं नव्हतं. नाकावर राग घेऊन ते तळ्याच्या पाळीवर बसून राहिले. ती पुढं त्याबद्दल कधी एका शब्दानं बोलली नाही… आणि तेच त्यांना आता खात होतं.

"मोबाईलवर ऐकवतो न बाबा," दिव्यानीनं म्हणून पाहिलं होतं. पण घरात नेटवर्क म्हणजे नावाला. चक्री फिरत राही, गाणं काही उमटत नसे. आणि म्हातारा हट्टालाच पेटला होता. "तवा रेडिओवर नाई ऐकलं," ते जड जिभेनं म्हणाले, "आता रेडिओवरच ऐकीन. एक डाव. मंग झालं." रविवार चार दिवसांवर होता.

कुलदीपनं तिला मशीन दाखवलं. नाव त्यानंच सांगितलं. महिन्यापूर्वीच दिव्यानी बाबांना घेऊन गावाकडून इथं भाड्यानं राहायला आली होती; शेजारी कुलदीप आणि त्याची आई राहत, आणि मागच्या अंगणाला लागूनच त्याच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, होत्या. मशीनची अर्थिंगची वायर पाहताच दिव्यानीनं कपाळावर हात मारून घेतला. ही दोन्ही घरं एकाच मालकानं बांधलेली, दोघांची अर्थिंग अंगणातल्या एकाच खड्ड्यात. आणि या बहाद्दरानं मशीनची वायरही त्याच खड्ड्यात नेऊन बांधली होती.

"खड्डा तयारच होता. म्हटलं दुसरा काऊन खोदा?"

"म्हणून तुमचा झटका जमिनीत जाचा सोडून आमच्या घरातल्या वायरीत येऊन राह्यला. कोणी शिकवलं हे?"

"कोणीच नाई. शिकवाले माणूस आज भेटला." तो खाली मान घालून म्हणाला. "शिकवता का?"

ती पाना शोधू लागली. कान मात्र गरम झाले होते.

दुसऱ्या दिवशी दोघांनी दूरच्या बांधाशी, ओलीत, सहा फुटी सळई ठोकली. तो घण घाली, ती सळई धरून उभी राही. "हात सोडा, लागन," तो म्हणे, "मारा तुम्ही, भेता काऊन?" ती म्हणे. घरी येऊन तिनं रेडिओ लावला. टकटक निम्म्यानं कमी झाली होती. निम्मी राहिली होती.

"अर्धी हाये अजून," तिनं भिंतीवरून सांगितलं.

"बरं झालं."

"काय बरं झालं?"

"काई नाई…" तो गडबडला. "म्हणजे… उद्या पण या लागन न तुम्हाले."

दिव्यानी हसली नाही. पण रात्री बाबांना भात भरवताना तिच्या ओठांवर काहीतरी असलं पाहिजे, कारण गुणवंतराव बराच वेळ तिच्याकडं पाहत होते.

शुक्रवार मीटर तपासण्यात गेला. म्हणजे मीटर दहा मिनिटांत तपासून झालं होतं. बाकी वेळ कशात गेला ते दोघांनाच ठाऊक. रविवारच्या गाण्याची, बाबांच्या हट्टाची गोष्ट तिनं त्याला सांगितली ती तेव्हाच. कुलदीप बोलायला मोकळा होता, पण मध्येच त्याच्यावर मळभ येई. 'घरी अजून कोण कोण?' असं तिनं सहज विचारलं, तर तो उठून बैल पाहायला गेला.

शनिवारी चार वाजता तिनं ट्रान्झिस्टर उचलला आणि तारेच्या कडेकडेनं चालायला लागली. धान लोंबीवर आलं होतं. कुठंतरी तार ओल्या गवताला नाही तर लाकडाला टेकत असणार, तिथं ठिणगी उडत असणार, आणि तीच ठिणगी रेडिओत वाजत असणार. जिथं टकटक मोठी, तिथं दोष. कुलदीप मागून येत होता. पहिल्या बांधाला आवाज बारीक होता, दुसऱ्याला जरा मोठा. जंगलाच्या बाजूला वळल्यावर तो वाढत गेला. समोर मोहाच्या झाडाशी चार खांबांचं एक जुनं मचाण होतं, वर गंजका पत्रा.

मागची पावलं थांबली.

"तिकडं नको," कुलदीप म्हणाला.

"आवाज तिकडूनच येऊन राह्यला."

"मी सांगून राह्यलो न, नको जाऊ!"

त्यानं तिला पहिल्यांदाच एकेरी हाक दिली होती, आणि तीही ओरडून. पण ती पुढं गेली. ट्रान्झिस्टर आता कानाला लावायची गरजच नव्हती. बाकी प्रत्येक खांबावर त्यानं नीट प्लास्टिकचे चिमटे लावून तार नेली होती. इथं मात्र ती ओल्या लाकडाला नुसतीच कशीबशी गुंडाळली होती, आणि पत्र्याच्या कडेला दर सेकंदाला एक निळी ठिणगी चमकत होती.

"इथंच चिमटा काऊन नाई लावला?"

तो वीस पावलांवर उभा होता. मग म्हणाला, "त्या खांबाले मले हात लावता येत नाई. दुरून तार टाकली… डोळे मिटून गुंडाळली."

आणि मग त्यानं सांगितलं. अंकुश, त्याचा मोठा भाऊ. दोन वर्षांमागची गोष्ट. राखणीची पाळी कुलदीपची होती. पण शेजारच्या गावात नाटक होतं, आणि तो मित्राच्या गाडीवर बसून दिवस असतानाच निघून गेला. भावानं हसून म्हटलं, जा, मी बसतो. दिवस बुडताना अंकुश पाणी घ्यायला मचाणावरून खाली उतरला, आणि वाघानं त्याला शिडीपाशीच धरलं. पुढं सरकारी मदत आली, त्यातून कुलदीपनं पहिलं काय घेतलं असेल तर हे मशीन. आपल्या घरचं माणूस पुन्हा शेतात बसणार नाही, असं त्यानं आईला वचन दिलं होतं.

दिव्यानीला रडू आलं. तिनं ते लपवलंही नाही. रेडिओ बंद केला, त्याच्यापाशी आली आणि त्याचं मनगट धरून त्याला घराकडं घेऊन निघाली.

अडचण आता उघड होती. तार मचाणावरून सोडवायची तर तिथं नवा खांब हवा, चिमटे हवेत, आणि ते सामान सोमवारशिवाय मिळणार नव्हतं. मशीन बंद ठेवावं तर डुकरांचा कळप तासाभरात एकर लोळवतो, आणि दिवस बुडतानाच तो येतो. कुलदीपच्या घरचं वर्षाचं खाणं त्या बांध्यांत उभं होतं.

"उद्या पाचले मशीन बंद करतो," घरात आईशी बोलून पुन्हा अंगणात येत कुलदीप म्हणाला. "तुमचं गाणं होऊ द्या."

"अन् डुकरं?"

"मी बसतो."

"कुठी?"

मोहाच्या झाडाकडं त्यानं मान वळवली नाही. पण तिला कळलं.

"नाई! बाबा नाई ऐकलं तं नाई… तुम्ही तिथं नाई जाचं."

"तुमच्या बाबाले अजून तीस वर्षं हायेत का?"

"आईले?" एवढंच तिनं विचारलं.

"सांगितलं. रडली. मंग शिदोरी बांधतो म्हणाली." तो पहिल्यांदाच डोळ्यांनी हसला. "एका तासासाठी शिदोरी!"

रविवारी पावणेसहाला रेडिओ लागला आणि गुणवंतरावांच्या उशाशी नुसता आवाज उरला, स्वच्छ, धुतलेल्या तांदळासारखा. बायांचा घोळका, मागं कुणाचं तरी हसणं, आणि सगळ्यांच्या पुढं एक कोवळा, धिटाईचा गळा. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. डावा हात चादरीवर हळूहळू ठेका धरू लागला. गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायचं भान त्यांना नव्हतं.

"लय उशीर केला वो मी, सुगंधा…" ते पुटपुटले.

दिव्यानी त्यांच्या पायाशी बसली होती. कान मात्र मागच्या दाराकडं. टकटक नव्हती, म्हणजे तारेत जीव नव्हता, म्हणजे तो तिथं वर होता, एकटा. आठ दिवस ज्या आवाजाला तिनं शिव्या घातल्या, तोच यावा म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. गाणी संपली. बाजारभाव सुरू झाले. सहा वाजून गेले. बाहेर अंधारून आलं, जंगलाकडून कुठलं तरी जनावर ओरडलं, आणि तिनं पलंगाची पाटी घट्ट धरली. सव्वासहा… सहा वीस…

टक.

मग पुन्हा टक.

ती ओंजळीत तोंड लपवून हमसून रडली. गुणवंतरावांनी डोळे उघडले, रेडिओकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं.

"जा," ते म्हणाले. "मी गेलतो नाई तवा घरी. तू जा."

तो अंगणाच्या भिंतीशी उभा होता. हातात बॅटरी, कपडे ओले.

"दोन कळप आले," तो म्हणाला. "डबा वाजवला, पळाले. उतरताना शिडीपाशी पाय उचलेना… मंग उचलला." मग त्यानं विचारलं, "कसं होतं? तुमच्या आईचं गाणं?"

दिव्यानीनं ते आठवून पाहिलं. एक ओळ आठवेना, चाल आठवेना.

"मले माहीत नाई," ती म्हणाली. "मी तिथंच होती, पण ऐकलंच नाई. सगळा वेळ तुलेच ऐकत होती."