नऊ लाख हातांची मालकी

महाद्वारने ‘झेल’ आपल्या दुकानातून काढून टाकला आणि नऊ लाख माणसांच्या हातांना चार दिवसांची मुदत मिळाली. त्या नऊ लाखांनी कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

महाद्वार म्हणजे काय, हे आता शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. फोनमध्ये काहीही यायचं तर याच एका दरवाजातून. खेळ, नकाशे, बँक, डॉक्टर, सगळं. दरवाजा कंपनीचा, उंबरठा कंपनीचा, आणि आत कोणाला घ्यायचं हेही कंपनीच ठरवणार. माल मात्र दुसऱ्यांनी रक्त आटवून बनवलेला.

‘झेल’ बनवला होता कराडच्या मोनाली हुलवानने. खेळ साधा, सागरगोट्यांचा. फोन समोर ठेवायचा, मनगटाला पट्टा बांधायचा आणि नसलेले पाच सागरगोटे हवेत उडवून झेलायचे. पट्टा मनगटातल्या नसेला बारीक टिचक्या मारायचा, त्यामुळे गोटा खरंच तळव्यावर येऊन पडल्यासारखा वाटे. पोरीबाळींनी खेळावा म्हणून केलेला. पण वर्षभरात तिला पत्रं येऊ लागली ती म्हाताऱ्यांची. त्यांचे थरथरणारे हात थांबले होते. कोणी सुईत दोरा ओवला होता, कोणी सात वर्षांनी स्वतःच्या हाताने आमटी खाल्ली होती. मोनाली ती पत्रं वाचून अक्षरशः घरभर नाचली होती.

आणि आता, मुदतीच्या तिसऱ्या दिवशी, ती कोल्हापूरच्या डिजिटल न्यायाधिकरणाच्या कँटीनमध्ये वकिलासमोर बसली होती. चहावर साय धरली होती.

“मला समजेल असं सांगा,” ॲडव्होकेट दस्तगीर मुजावर म्हणाले. “माझं विज्ञान दहावीतच सुटलं.”

“हात कापतो तो हाताचा दोष नसतो, वकीलसाहेब. मेंदू हाताला ताल पुरवतो. तो ताल बिघडला की हात थरथरतो. खेळताना आमच्या टिचक्या बरोबर त्या बिघडलेल्या तालाच्या मधे पडतात. तीन आठवड्यांत मेंदू नवा ताल शिकतो. त्याला मी हातवाट म्हणते. गवतातून रोज चाललं की पायवाट पडते ना, तशी नसांमधली वाट.”

“मग पडली की वाट. आता महाद्वार कशाला हवं?”

“गवत परत वाढतं. म्हणून रोज सकाळी पट्टा एक ठोका देतो. एकच. पण कालचा ठोका आज चालत नाही. काल हात कसा हलला, यावरून आजचा ठोका आमचा संगणक काढतो, आणि तो माणसाच्या फोनमध्ये जातो महाद्वारातूनच. चार दिवस ठोका नाही मिळाला की वाट बुजली. मग पुन्हा पहिल्यापासून.”

“आणि भांडण नेमकं कशावरून?”

“ते म्हणाले, ठोक्याला महिन्याची वर्गणी लावा. मी म्हटलं, एकदा शिकवलं ते शिकवलं, दर महिन्याला त्याचं भाडं घेणार नाही. मग मी दरवाजा टाळून ठोके पाठवायची सोय केली. ती त्यांनी बंद पाडली आणि नियम मोडला म्हणून खेळच उचलून रस्त्यावर फेकला.”

दस्तगीर हसले. “कराडच्या आहात, हे वेगळं सांगायला नको.”

मग त्यांचं हसू गेलं. त्यांनी दोन कागद टेबलावर ठेवले.

“दोन रस्ते आहेत. पहिला : आपण म्हणायचं, हातात उतरलेलं कसब ज्याचा हात त्याचं. ऐकायला झकास. पण तसा कायदाच नाही. खटल्यात नऊ लाख माणसं पक्षकारही नाहीत. दोन वर्षं चालेल. दुसरा : आपण म्हणायचं, ही हातवाट म्हणजे तुमची रचना आहे, जशी लेखकाची कादंबरी. कुठेही उतरली तरी मालकी तुमचीच. त्याला कायदा आहे. आदेश आजच मिळेल.”

मोनालीने पहिला कागद हातात घेतला. खरं ते याच कागदावर होतं, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. पण कायदा माणसाला विचारत नाही, कागदाला विचारतो. आणि घड्याळ कोणालाच विचारत नाही.

“उद्या हात जाणार आहेत त्यांचे,” ती म्हणाली. “दुसरा द्या. पुढचं पुढे बघू.”

तिने झरकन सही ठोकली.

दालन खचाखच भरलं होतं. महाद्वारचे वकील सबनीस उठले तेच मुळी घरच्या दिवाणखान्यात उठावं तसे.

“मॅडम, ठोका ही आमच्या दरवाजातून जाणारी सेवा आहे. वीज तोडली की दिवा विझतो. दिव्याने त्याबद्दल तक्रार करायची नसते.”

“दिवा इथेच बसलाय, मॅडम!” दस्तगीर गरजले. “नाव शिवाप्पा काशीद. तासगावला सलून आहे. बोलवू का त्याला?”

न्यायाधिकरणाच्या अध्यक्षा लोटलीकरांनी मान हलवली.

साठीचा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला शिवाप्पा साक्षीदाराच्या जागी आला. त्याने खिशातून पाच खरे सागरगोटे काढले आणि टेबलावर मांडले. एक उडवला, झेलला. दुसरा झेलला. तिसऱ्याला बोटं थरथरली, पण झेलला. चौथा बोटांवर आपटून खाली पडला आणि घरंगळत थेट अध्यक्षांच्या मंचाखाली गेला. मागून कोणीतरी नुसतंच “अरेरे” म्हणालं.

“परवा किती झेलत होतात?” लोटलीकरांनी विचारलं.

“परवा पाचीच्या पाची, मॅडम. परवा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा हुता माझा. आज दुकान बंद ठिवलंय. उगा कुणाचा नरडा कापायचो.”

हसावं की नाही, हे कोणालाच कळेना. सबनीस मात्र हसले. “म्हणजे हात आमच्या सेवेनेच चालत होता, हे साक्षीदाराला मान्य आहे!”

लोटलीकरांनी चष्मा काढला आणि मोनालीकडे पाहिलं. “तुम्ही शपथेवर आहात. या माणसाच्या हातातली ही हालचाल कोणाची?”

शिवाप्पाही तिच्याकडे बघत होता. त्याला उत्तर माहीत असावं, असंच त्याचा चेहरा सांगत होता.

“माझी,” मोनाली म्हणाली.

शिवाप्पाने आपल्या तळव्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

अर्ध्या तासात आदेश आला. ‘हातवाट ही निर्मातीची मालमत्ता असून ती कोणत्याही शरीरात उतरली तरी तिचा वापर, प्रत आणि प्रसार यांचा हक्क निर्मातीकडेच राहील. महाद्वारने दोन तासांत दरवाजा खुला करावा.’

दालनाचं जत्रेतलं मैदान झालं! दस्तगीरांनी चोपदाराला मिठी मारली. कोणीतरी पेढे आणले, कोणीतरी शिट्टी मारली. एवढी मोठी कंपनी, जिच्यासमोर सरकारंही दबकून बोलत, ती कराडच्या एका बाईने आडवी केली होती! चारच्या सुमाराला मोनालीच्या फोनवर आकडा धावू लागला. लाख ठोके गेले. तीन लाख. साडेपाच. ती ओरडत होती, रडत होती, भेटेल त्याच्या तोंडात पेढा कोंबत होती. नऊ लाख पूर्ण झाले तेव्हा तिचा आवाज बसला होता.

शिवाप्पाच्या पट्ट्यानेही टिचकी मारली. त्याने हात समोर धरला. अजून थोडी थरथर होती, पण त्याला फरक कळला असावा, कारण त्याचे डोळे भरले. तो गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आला.

“ताई, येक विचारायचं हुतं. आमची सून, रोहिणी, दुकान पुढं चालवायचं म्हणतीया. म्या तिचं मनगाट धरून तिला खरं सागरगोटं खेळाय लावलं. पट्टा न्हाई, काय न्हाई. तर माझ्या हातातलं तिच्या हातात उतराय लागलंय बघा! तिचा वस्तरा आता माझ्यासारखाच थिर चालतोय.”

मोनालीने पेढ्याचा खोका छातीशी धरला. माणसाकडून माणसाकडे! पट्ट्याशिवाय, फोनशिवाय, कसलाच दरवाजा न ओलांडता! तिने हे कधी स्वप्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

“तर शिकवू न्हवं तिला? वकीलसाहेब आत्ता वाचून दाखवत हुते, प्रत करायचा हक बाईंचा म्हून. म्हटलं, इचारल्यालं बरं.”

“अहो काका, हे काय विचारणं झालं...”

“थांबा.” दस्तगीरांनी तिचा दंड धरला आणि आवाज खाली आणला. “तोंडून एक शब्द काढू नका. तुम्ही मालक म्हणून जिंकलात. मालकाने पहिल्याच दिवशी फुकट वाटायला सुरुवात केली, तर सबनीस उद्या अपिलात म्हणतील, ही मालकच नाही. स्थगिती येईल. ठोके बंद. सगळ्यांचे.”

“पण हे शिकवणं आहे, साहेब. ही प्रत कुठून झाली?”

“काय लिहून दिलंय आपण? कुठेही उतरली तरी.”

मोनालीने पेढ्याचा खोका खाली ठेवला.

“काका,” ती म्हणाली, “तेवढं... थोडे दिवस थांबाल का? अपील होईपर्यंत.”

शिवाप्पा रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. ज्यांना जन्मभर प्रत्येक गोष्टीची परवानगी मागायची सवय असते, त्यांच्यासारखी त्याने मान हलवली.

“बरं. सांगतो तिला, हात आवर म्हून.” तो जायला वळला आणि पुन्हा थांबला. “आन् मी, ताई? मी उद्या दुकान उघडलं तर चालतंय न्हवं?”

उत्तर मोनालीच्या जिभेवर होतं. पण ते देण्याआधी तिने वकिलाकडे पाहिलं.